शेजारच्या गावची मृत्यूची वही

एका बाईंच्या खापरपणजीचा मी जुन्या नोंदींतून माग काढत होते. दक्षिण इटलीतलं छोटं गाव, १८३०च्या दशकातला जन्म, आणि लग्नाच्या नोंदीत आईबापांच्या जागी दोनच शब्द : पालक अज्ञात. टाकलेलं मूल.

अशा मुलांचा दप्तरात पत्ताच लागत नाही, असं अनेकांना वाटतं. खरं तर त्यांच्या जन्माच्या नोंदी इतरांपेक्षा लांबलचक असतात. नेपल्सच्या राज्यात, म्हणजे तेव्हाच्या दक्षिण इटलीत, १८०९पासून नागरी नोंदवह्या सुरू झाल्या, त्या नेपोलियनच्या कायद्याबरहुकूम. मूल सापडलं की वेळ, जागा, अंदाजे वय, कपडे, सोबतच्या वस्तू, सगळं टिपायचं आणि नावही ठेवायचं.

मला ती सापडली. पहाटे ‘रुओता’मध्ये ठेवलेली. रुओता म्हणजे भिंतीत बसवलेली फिरती पेटी. बाहेरून मूल ठेवून पेटी फिरवायची, आतली बाई ते उचलून घेते; ठेवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. अंगाभोवती जुनी दोन फडकी, डोक्याला टोपडं, गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेलं अर्धं पदक. अर्धं पदक वाचलं की माझा हात थांबतो. उरलेलं अर्धं कुणीतरी जपून ठेवलेलं असतं, कधीतरी येऊन जुळवून बघायला.

नाव मारिया. आडनाव अधिकाऱ्याने मनाने दिलेलं, तेही जुळत होतं. बाईंना लगेच कळवावंसं फार वाटलं. पण मृत्यूची वही चाळल्याशिवाय मी टाकलेल्या मुलाबद्दल कुणाला काही सांगत नाही. यातली कितीतरी मुलं पहिल्या वर्षातच जात. शिवाय ती पगारी दायांकडे दुधावर दिली जात, बऱ्याचदा दुसऱ्या गावात. मग मृत्यूही तिथेच नोंदला जाई.

दोन गावांच्या वह्या कोऱ्या गेल्या. तिसऱ्या गावात ती होती. आडनाव नाही. ‘मारिया, टाकलेली, वय एकवीस दिवस’, कुठल्या रुओतातून आणली त्या गावाचं नाव, आणि मृत्यू दाईच्या घरी. तारखा मोजल्या, तीच. जन्माच्या वेळी टोपड्यापर्यंत सगळं लिहिणाऱ्या दप्तरात शेवटाला एवढंच. पदकाचं काय झालं, कुठेच नाही. मी बराच वेळ ते पान बंद करू शकले नाही.

मग लग्नाला जोडलेले कागद मागवले. त्यात नवरीच्या जन्मनोंदीची नक्कल असतेच. चौदा महिन्यांनी त्याच रुओतात आणखी एक मुलगी आली होती आणि रिकामं झालेलं नाव, आडनावासकट, तिला दिलं गेलं होतं. तिच्यासोबत काहीच नव्हतं, एका जुन्या सदऱ्याचा तुकडा सोडला तर. बाईंची खापरपणजी ती.

संध्याकाळी फोन केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “त्या पहिलीचेही कागद पाठवाल का? तिला मागायला दुसरं कोण येणार?”

दोन्ही मारियांचे कागद एकाच पाकिटात घातले.