जीबीए होमब्रू अपडेट: फोटो दिसतायत, आता सगळी मारामारी पॅलेटशी

तर गेमबॉय अ‍ॅडव्हान्ससाठी (जीबीए, निन्टेंडोचा हातातला गेम कन्सोल) मी घरीच लिहीत असलेला फोटोंचा स्लाइडशो चालू झालाय. स्क्रीनवर चित्र दाखवायच्या मोड ३ मधून मोड ४ वर आलो आणि खरं काम तिथेच निघालं.

मोड ३ एकदम सरळ आहे. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सची स्क्रीन २४० बाय १६०, प्रत्येक पिक्सेलला १६ बिट, त्यातले १५ रंगाचे, लाल-हिरवा-निळा प्रत्येकी ५. फोटो ग्रिटमधून (चित्राचं जीबीएच्या डेटात रूपांतर करणारं टूल) काढायचा, जो अ‍ॅरे मिळतो तो डीएमएने (मेमरी झपाट्याने कॉपी करणारं हार्डवेअर) व्हीरॅममध्ये (स्क्रीनवरच्या चित्राची मेमरी) ओतायचा, झालं. फक्त लाल खालच्या ५ बिटांत असतो आणि निळा वर, स्वतःचा कन्व्हर्टर लिहिणाऱ्यांनी एवढं बघा, माणसांचे चेहरे निळे दिसले तर क्रम उलटा पडलाय.

पण एक फ्रेम ७६,८०० बाइट खाते आणि व्हीरॅम आहे सगळी मिळून ९६ केबी, म्हणजे दुसरं पान (पूर्ण स्क्रीनचं आणखी एक चित्र) बसतच नाही, आणि पुढचा फोटो वरून खाली चढताना डोळ्यांना दिसतो. मला ते बघवत नव्हतं. मोड ४ मध्ये पिक्सेलला १ बाइट, म्हणजे थेट रंग नाही तर पॅलेटमधल्या (रंगांच्या यादीतल्या) रंगाचा नंबर, एक पान ३८,४०० चं, त्यामुळे दोन पानं आरामात बसतात, मागच्या पानावर चित्र तयार करायचं आणि एक बिट बदलून पान पलटायचं.

आता गंमत अशी की पानं दोन असली तरी पॅलेट एकच, २५६ रंगांचं, ५१२ बाइट. म्हणजे नवीन फोटोचं पॅलेट आधी टाकलं तर जुना फोटो क्षणभर भलत्याच रंगांत दिसतो आणि नंतर टाकलं तर नव्याची तीच गत. म्हणून व्हीब्लँकची (एक फ्रेम काढून झाल्यावरचा रिकामा वेळ) वाट बघायची आणि पान पलटणं आणि पॅलेट कॉपी दोन्ही तिथेच उरकायचं, २२८ ओळींपैकी ६८ ओळींचा वेळ मिळतो, ५१२ बाइटला तो भरपूर झाला.

व्हीरॅमवर ८ बिटचं राइट चालत नाही हे तर तुम्हाला माहीतच असेल: लिहिलेला बाइट शेजारच्या पिक्सेलवरही उमटतो. एक पिक्सेल बदलायचा तर १६ बिट वाचा, अर्धे मास्क करा (म्हणजे शेजारचा पिक्सेल राखून आपलाच बदला), परत लिहा. हाच नियम कॉम्प्रेशनलाही लागू होतो. बायोसमध्ये (जीबीएच्या आतच असलेला कोड) एलझेड७७ (कॉम्प्रेशनची एक पद्धत) उलगडायचे दोन कॉल आहेत, एक साध्या रॅमसाठी बाइट बाइट लिहिणारा आणि एक व्हीरॅमसाठी १६ बिट लिहिणारा, इथे दुसराच घ्यायचा.

कॉम्प्रेशनवरून आठवलं, डिदरिंग, म्हणजे थोड्या रंगांचे ठिपके मिसळून मधल्या छटांचा भास करणं. २५६ रंगांत आकाशाचे पट्टे पडतात म्हणून फ्लॉइड-स्टाइनबर्ग नावाचं डिदरिंग लावलं, पट्टे गेले, छान दिसतं, पण फाइल फुगली, कारण एलझेड७७ ला पुन्हापुन्हा येणारे तुकडे लागतात आणि डिदरने सगळीकडे बाजरी पेरल्यासारखे ठिपके करून ठेवलेले. माझं मत, फोटोंना डिदर लावा, हाताने काढलेल्या चित्रांना अजिबात नको, तिथे सपाट रंगच शोभतात आणि जागाही वाचते.

दुसरं म्हणजे इम्युलेटरवर खूश होऊन थांबू नका. २००१ च्या मूळ मॉडेलच्या स्क्रीनमागे दिवाच नाही, पीसीवर नीट दिसणाऱ्या सावल्या तिथे नुसत्या काळ्या. गॅमा (सावल्या उजळवणारी दुरुस्ती) वाढवायचाच आहे, पण रंग कमी करायच्या आधी, मूळ ८ बिटच्या फोटोवर, कारण ५ बिट झाल्यावर प्रत्येक रंगाच्या ३२ पायऱ्याच उरतात, मग वाढवून काय फायदा, सावलीतल्या पायऱ्या लांब लांब होतात आणि पट्टे परत हजर. गॅमा, मग छोटं करणं, मग पॅलेट, मग ग्रिट, असा क्रम मेकफाइलमध्येच (बिल्डच्या पायऱ्यांची फाइल) घालून टाकलाय.

फेड मात्र फुकटात मिळाला, हार्डवेअरच्या ब्लेंड रजिस्टरमध्ये ० ते १६ आकडा फिरवला की चित्र काळ्यात जातं, पॅलेटला हात लावावा लागत नाही. एका फोटोतून दुसरा उमलणारा क्रॉसफेड या मोडमध्ये मी सोडून दिलाय, दोन फोटोंची दोन पॅलेट एकत्र कोंबायची तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे रंग येतात आणि आकाश परत पट्ट्यांचं.

पुढचं काम, खाली कोपऱ्यात बाणाचे स्प्राइट (मुख्य चित्रावर वेगळी दिसणारी छोटी चित्रं). बिटमॅप मोडमध्ये स्प्राइटची निम्मी जागा चित्राकडे जाते, त्यामुळे टाइल (स्प्राइट ज्यांनी बनतात ते छोटे तुकडे) ५१२ पासून पुढच्याच वापरता येतात, पण बाणाला तेवढ्या खूप झाल्या.