तलवारबाजाला किती झुकतं माप द्यायचं? बॅलन्स मॉड बनवण्याचा माझा अनुभव

आमचा गट बरीच वर्षं सिव्हिलायझेशन ५ हा शहरं वसवून साम्राज्य उभं करण्याचा कॉम्प्युटर गेम खेळतोय, आणि इतक्या खेळांत स्वोर्ड्समन (तलवारबाज) मनापासून बनवणारं फारसं कुणी भेटलं नाही. कारण उघड आहे. कॉम्पोझिट बोमन (धनुर्धारी) आणि स्वोर्ड्समन, दोघांनाही बनवायला शहराचं ७५ प्रॉडक्शन (उत्पादन) लागतं. कॉम्पोझिट दोन घरं लांबून ११ च्या ताकदीने मारतो, वर त्याला कुठलंच खनिज लागत नाही. स्वोर्ड्समनची ताकद १४, पण त्याला लोखंड हवं, आणि शत्रूला भिडेपर्यंत तो दोन-तीन मारे खाऊन अर्धमेला झालेला असतो. एवढंच दुरुस्त करणारा छोटा मॉड, म्हणजे खेळात आपण घातलेला बदल, करू असं ठरलं आणि फाइलींचं काम माझ्याकडे आलं.

तांत्रिक बाजू सोपी आहे. युनिटचे (प्रत्येक प्रकारच्या सैनिकाचे) आकडे एक्सएमएल फाइलींत असतात, खेळ ते डेटाबेसमध्ये भरतो, आणि एसक्यूएलच्या एका ओळीत ताकद बदलता येते. खरा कस लागला तो किती बदलायचं हे ठरवताना.

पहिली सूचना आली, कॉम्पोझिटला ११ वरून ९ वर आणा. मी बाकीच्या युनिटांचे आकडे उघडून बघितले. बॅबिलॉन या संस्कृतीचा खास बोमन साध्या आर्चरच्या जागी येतो आणि त्याचा मारा आधीच ९ चा आहे. म्हणजे बॅबिलॉनच्या खेळाडूने सोनं मोजून त्याला कॉम्पोझिटमध्ये अपग्रेड करायचं आणि मारा होता तेवढाच राहणार! मग उलटी सूचना आली, स्वोर्ड्समनला १७ करा. पण रोमचा खास स्वोर्ड्समन, लीजन, बरोबर १७ चा आहे. रोम घेण्याचं निम्मं कारणच त्यात बुडालं असतं. एक आकडा हलवला की त्याच्या आधारावर उभी असलेली आख्खी संस्कृती हलते, आणि मॉड करणाऱ्याने हे आधी तपासलंच पाहिजे असं माझं ठाम मत तिथे झालं.

लोखंडाचा प्रश्न तर मॉडशिवायच सुटला. खेळ सुरू करताना संसाधनांसाठी ‘स्ट्रॅटेजिक बॅलन्स’ निवडलं की राजधानीजवळ लोखंड मिळतंच. जे सेटिंगने किंवा नकाशाने होतं त्यासाठी आकड्यांना हात लावू नये. स्टारक्राफ्ट ब्रूड वॉर या दुसऱ्या युद्धखेळाचंच बघा, त्यात बॅलन्सचा शेवटचा मोठा पॅच २००१ चा. त्यानंतर तिन्ही वंशांचा तोल मुख्यतः नवे नकाशे बनवणाऱ्यांनी सांभाळला.

उरला बाणांचा मारा. त्यावर आम्ही स्वोर्ड्समनला ‘कव्हर १’ हे प्रमोशन (युनिटची जादा क्षमता) सुरुवातीपासून फुकट दिलं. लांबून येणाऱ्या माऱ्याविरुद्ध ३३% जास्त बचाव, म्हणजे बाण झेलताना १४ चे साधारण १८.६ होतात. हातघाईची ताकद आहे तीच. लीजन, इरोक्वॉयचा मोहॉक वॉरियर आणि इंडोनेशियाचा क्रिस स्वोर्ड्समन यांच्यासाठी वेगळ्या ओळी लिहाव्या लागल्या, नाहीतर खास युनिट साध्यापेक्षा कच्चं ठरलं असतं. अपग्रेडनंतरही हे प्रमोशन टिकतं, आणि ते आम्ही मुद्दाम टिकू दिलं. लवकर बनवलेल्या तलवारबाजाला पुढे लाँगस्वोर्ड्समन झाल्यावरही किंमत राहते.

मग वाटण्याचं काम. या खेळाच्या मॉड मेनूतून मल्टिप्लेअर खेळता येत नाही, म्हणून मॉडपॅक बनवून डीएलसीच्या (खेळाच्या अधिकृत जोडभागांच्या) फोल्डरमध्ये टाकावा लागतो आणि प्रत्येकाकडे अगदी तीच फाइल असावी लागते. कंटाळवाणं काम आहे. पण त्यामुळे दर आठवड्याला एखादा आकडा हलवायची हौस आपोआप आवरते.

खरा वाद ट्रॅडिशन या खेळातल्या धोरणावर झाला. चार शहरं वसवून ट्रॅडिशन घेणं इतकं फायद्याचं आहे की बाकीच्या सुरुवाती मागे पडतात. पहिल्या चार शहरांना सांस्कृतिक इमारती फुकट, धोरण पूर्ण केलं की ॲक्विडक्टही फुकट. त्यात स्टँडर्ड नकाशावर प्रत्येक नव्या शहरामागे तंत्रज्ञान ५% महाग होतं. एका मित्राचं म्हणणं होतं की हे सगळंच उपटून नव्याने लिहावं. वॉक्स पॉप्युली या मोठ्या मॉडने तेच केलंय आणि ते काम मला मनापासून आवडतं. तिथे बग आणि कॉम्प्युटरची चाल सुधारणारा कम्युनिटी पॅच वेगळा घेता येतो आणि बॅलन्सची मोठी फेरमांडणी त्यावर वेगळी बसते. ज्याला फक्त दुरुस्ती हवी त्याच्यावर नवा खेळ लादला जात नाही.

मी गटात मांडलेली कसोटी अशी होती: वर्षभराने परतलेला खेळाडू बदलांची यादी न वाचता बसला, तरी त्याचे जुने आडाखे बहुतांशी बरोबर यावेत. तलवारबाजाचा बदल या कसोटीला उतरतो. ट्रॅडिशनचा उतरत नाही, कारण पहिलं शहर वसवल्यापासून सगळा हिशेबच बदलतो.

मित्राला हे पटलेलं नाही. त्याचा बदल आता वेगळ्या मॉडपॅकमध्ये आहे, आणि कुठला पॅक घालायचा हे प्रत्येक खेळाआधी मत घेऊन ठरतं. गेल्या खेळात त्याचा पॅक जिंकला आणि मी ट्रॅडिशनऐवजी लिबर्टी हे धोरण घेऊन सहा शहरं वसवली.