वॉरंटी संपली, पण दोष कारखान्यातलाच

अमेरिकेत २०११ आणि २०१२ सालच्या ह्युंदाई सोनाटा गाड्यांच्या इंजिनात, क्रँकशाफ्टच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) तेलमार्गांत कारखान्यातला धातूचा कीस राहून गेला. त्यामुळे बेअरिंगला तेल पुरेनासे होऊन चालत्या गाडीचे इंजिन बंद पडू शकत होते आणि २०१५ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. हा कीस पहिल्या दिवसापासून इंजिनात असताना, त्याने वॉरंटीनंतर घात केला म्हणून खर्च मालकाने सोसावा, हे मला पटत नाही. (तेलच न बदलणाऱ्याची गोष्ट वेगळी.) पुढे सामुदायिक दाव्यानंतर कंपनीने शॉर्ट ब्लॉकला, म्हणजे क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग असलेल्या इंजिनाच्या खालच्या मुख्य भागाला, आजीवन वॉरंटी दिली. आपल्याकडे ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात, गाडी घेतल्यापासून नव्हे.