सातवा क्रूस, नोंद चौथी: प्रत आली, पण ती नव्हे

मागच्या वेळी ‘पार्सल निघालं’ एवढंच लिहून थांबलो होतो. ते आलं, आणि पहिली पाच मिनिटं मी खरोखर खूश होतो.

जर्मन लेखिका आना झेगर्सच्या ‘द सेव्हन्थ क्रॉस’ (म्हणजे सातवा क्रूस) या कादंबरीची इंग्रजी प्रत, प्रकाशक बॉस्टनची लिटल, ब्राउन, १९४२. जॅकेट शाबूत, कण्यावर थोडं विटलेलं. विक्रेत्याच्या वर्णनात ‘पहिली आवृत्ती’. शीर्षकपान उलटलं तर मागे ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्दच नाहीत, आणि त्या वर्षांत ही मंडळी पहिल्या छपाईवर ते छापत असत. मग जॅकेटची आतली घडी पाहिली. किंमत नाही. कोपरा कापलेला असता तर संशयाचा फायदा दिला असता, कारण पुस्तक भेट द्यायचं तर लोक किंमत कातरून टाकायचे. इथे कोपरा जसाच्या तसा आणि किंमत मुळात छापलेलीच नाही. म्हणजे क्लबची प्रत. सभासदांना दरमहा निवडक पुस्तक पाठवणाऱ्या बुक ऑफ द मन्थ क्लबनं ऑक्टोबर १९४२साठी हीच कादंबरी निवडली होती, त्यामुळे अशा प्रती बाजारात पैशाला पासरी. विक्रेत्यानं कुरकुर न करता अर्धे पैसे परत केले. पुस्तक मी ठेवलं, वाचायला बरं आहे. पण घेण्याआधी त्या पानाचा फोटो मागायचा हा नियम मीच इथे दुसऱ्या नोंदीत लिहिला होता, तेव्हा हसायचं असेल तर हसून घ्या.

या फजितीनं एक गोष्ट मात्र मनाशी पक्की झाली. मी चुकीच्या भाषेच्या मागे लागलो होतो.

बाईंनी हे लिहिलं जर्मनमध्ये, पॅरिसच्या परागंदा दिवसांत. १९३९मध्ये मॉस्कोच्या ‘इंटरनात्सिओनाले लिटराटुअर’ या नियतकालिकात काही प्रकरणं आली, मग हिटलर-स्टालिन करार झाला आणि छपाई थांबली. टंकलिखित प्रती मोजक्याच होत्या. त्यातली एक अमेरिकेत पोहोचली, म्हणून कादंबरी टिकून राहिली. बाई स्वतः १९४१च्या मार्चमध्ये मार्सेलहून बोटीत बसल्या आणि मार्टिनिक, न्यूयॉर्क करत मेक्सिकोला पोहोचल्या. तिथे परागंदा जर्मन लेखकांनी १९४२मध्ये ‘एल लिब्रो लिब्रे’ ही प्रकाशनसंस्था काढली. ‘दास झीब्ते क्रॉइत्स’ (कादंबरीचं मूळ नाव) पहिल्यांदा पुस्तकरूपात जर्मनमध्ये निघालं ते तिथे, त्याच वर्षी. जर्मन कादंबरी, स्पॅनिश नावाचा प्रकाशक, आणि खिळे जुळवणारे जुळारी जर्मन न येणारे! अक्षराच्या आकारावर नजर ठेवून ओळीमागून ओळ जुळवत गेलेली ती माणसं मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जवळची वाटतात. संस्थेचा कारभार पाहणारा वाल्टर यांका हा स्वतःच रीतसर शिकलेला जुळारी, हे त्यातल्या त्यात नशीब.

मी फ्रँकफर्टजवळ राहतो हा या छंदातला माझा एकमेव वशिला. इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९३३ ते १९४५च्या निर्वासित साहित्याचा वेगळा संग्रह आहे. वाचनकक्षात मेक्सिकोची प्रत मागवली आणि तासभर नुसता बघत बसलो. शीर्षकाखाली उपशीर्षक: ‘हिटलरच्या जर्मनीतली कादंबरी’. पुढे अर्पणपत्रिका, जर्मनीतल्या मेलेल्या आणि जिवंत फॅसिस्टविरोधकांना. पानं हळूच उलटावी लागतात. मेक्सिकन चित्रकार लिओपोल्दो मेन्देसनं केलेलं आवरण मात्र अजून फोटोतच पाहिलंय.

ज्या वर्षी हे छापलं, त्याच १९४२च्या मार्चमध्ये बाईंच्या ज्यू आईला नाझींनी माइन्त्समधून पोलंडमधल्या पिआस्कीच्या घेट्टोत नेलं. हे कळल्यापासून ‘१९४२, उत्तम अवस्था’ अशी जाहिरात वाचताना जरा अडखळायला होतं.

गेल्या रविवारी लोकल पकडून ओस्टहोफनला गेलो. कादंबरीतली वेस्टहोफनची छावणी, जिथून सात कैदी पळतात, ती या ओस्टहोफनच्या खऱ्या छावणीवर बेतलेली. ती १९३३-३४मध्ये चालली, तीही एका जुन्या कागदाच्या कारखान्यात! आता तिथे स्मारक आहे. वेस्टहोफन नावाचं खरं गावही शेजारीच आहे, नकाशा बघताना तेवढं सांभाळा. परतताना माइन्त्सला उतरलो. पळालेल्या सातांपैकी गेओर्ग ज्या कॅथेड्रलमध्ये रात्र काढतो, तिथे संध्याकाळी दारं बंद करायची वेळ झाली तरी रेंगाळलो. रखवालदारानं किल्ल्या वाजवल्या. निघालो.

आता सद्यस्थिती. कपाटात बॉस्टनची क्लब प्रत, आणि बर्लिनच्या आउफबाउ प्रकाशनाची १९४६ची. युद्धानंतर खुद्द जर्मनीत निघालेली म्हणून दुसरीला मी जपतो. कागद इतका हलका की पान उलटताना श्वास रोखावा लागतो. आम्लविरहित कागदाचं पाकीट करून ठेवलीय. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोणी ठेवत असेल तर आजच बाहेर काढा.

मेक्सिकोची एक प्रत एका जुन्या पुस्तकवाल्याकडे आहे. आवरण नाही, कण्याला खालून चीर, पहिल्या कोऱ्या पानावर कुणाची तरी शाईतली सही आणि ‘मेक्सिको, १९४३’. सही खोडलेली नाही. किंमत माझ्या सुट्टीच्या बजेटएवढी आहे, आणि घरी अजून सांगितलेलं नाही. संग्राहकाच्या नियमानं आवरणाशिवाय घेऊ नये. पण ती सही डोक्यातून जात नाही. या वेळी सगळ्या पानांचे फोटो आधी मागवलेत, शुक्रवारपर्यंत येतील. तुमच्यापैकी कोणी एल लिब्रो लिब्रेचं दुसरं एखादं पुस्तक हाताळलं असेल तर बांधणी कशी होती ते सांगा, चीर दुरुस्त करून घ्यायची की तशीच ठेवायची ते त्यावर ठरवतो.