तुम्ही विचारलंत म्हणून : निजण्याआधीची दोन रकान्यांची वही

माणुसकी, सचोटी, मर्यादा, दिल्या शब्दाला जागणं हे चिनी परंपरेतले सद्गुण ऐकायला छान, पण रोजच्या धबडग्यात त्यांचा उपयोग काय, असं नेहमी विचारलं जातं. माझं उत्तर ठरलेलं आहे: वही ठेवा.

चीनमध्ये ही रीत जुनी आहे. ११७१ मधल्या एका ताओपंथी पुस्तिकेत ती नेमकी सांगितली आहे. उशाशी शाई, कुंचला आणि वही. वर महिना, मग तारीख, तारखेखाली पुण्य आणि चूक असे दोन रकाने. निजण्याआधी दिवसाचं सगळं लिहायचं, चूक झाकून नुसतं पुण्य मांडायचं नाही. महिनाअखेर एकातून दुसरं वजा, शिल्लक टिपून पुढचा महिना. वर्षाअखेरीला मोठा हिशेब.

मिंग राजवटीच्या काळातल्या युआन लिआओफान या विद्वानाने १५६९ मध्ये युंगू या झेन गुरूकडून अशीच वही घेतली आणि ३,००० सत्कृत्यांचा संकल्प केला. तो पुरा व्हायला १५७९ उजाडलं. इतकी वर्षं का लागली? त्यानेच लिहून ठेवलंय: शुद्धीत असताना सावरलेलं प्यायल्यावर सुटायचं आणि जमा झालेलं वजाबाकीत जायचं. पुढचे ३,००० मात्र १५८३ मध्येच भरले. या वेळी बायकोही हिशेबात होती. तिला लिहिता येत नव्हतं. गरिबाला अन्न दिलं किंवा विकत घेतलेला प्राणी मोकळा सोडला, की हंसाच्या पिसाची नळी हिंगुळात बुडवून ती कॅलेंडरवर तांबडं वर्तुळ उमटवायची. एखाद्या दिवशी दहाच्या वर वर्तुळं! माझ्या मते ही वही घरात दोघांनी ठेवली तरच टिकते.

लिहायचं काय? कन्फ्यूशियसचा शिष्य झेंगझी रोज स्वतःला तीन गोष्टी विचारायचा: दुसऱ्याचं काम मन लावून केलं का, मित्राशी शब्द पाळला का, शिकलेलं आचरलं का. एवढे तीन प्रश्न पुरतात, फक्त नोंद बारीक हवी. ‘आज चिडलो’ हे निरुपयोगी. ‘उशिरा आलेल्या रिक्षावाल्यावर ओरडलो, ट्रॅफिक त्याच्या हातात नव्हता’ असं लिहिलं की कारणही कागदावर येतं. लिआओफानचा आग्रह हाच होता: नुसतं ‘उद्या रागवायचं नाही’ म्हणून राग जात नाही, त्यामागचं कारण उलगडावं लागतं.

वही बिघडते ती बहुधा सकाळी, आठवून आठवून लिहिल्याने. तोवर चुका विसरलेल्या असतात. दुसरा धोका जास्त खोल आहे. दान केलं म्हणून आईला तोडून बोललेलं फिटलं, असं मन धरून चालतं. ल्यू झोंगझोऊ या कन्फ्यूशियन पंडिताचा या वहीवर हाच आक्षेप होता. पुण्य मोजलं की नफ्याची हाव सुटते, म्हणून १६३४ च्या आपल्या ग्रंथात त्याने चुकाच तेवढ्या मांडल्या. मला त्याचं म्हणणं पटतं. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिला महिना पुण्याचा रकाना कोराच ठेवावा.