पपईचे तीनशे रुपये पुढे जातात कुठे?

ऑक्टोबरचा शेवटून दुसरा रविवार म्हणजे आमच्या वसईत मिशन संडे, मिशनरी कामासाठी पैसे गोळा करायचा दिवस. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आटोपली की चर्चच्या आवारात टेबलं लागतात आणि घराघरातून आलेल्या वस्तूंचा लिलाव सुरू होतो. केळ्यांचा लोंगर, गावठी अंडी, कुणाच्या आईने केलेला केक, पाय बांधलेला कोंबडा. बाजारात पन्नासला मिळणारी पपई इथे तीनशेला जाते, कारण दोन चुलतभाऊ इरेला पेटलेले असतात. आणि जिंकलेला भाऊ ऐटीत ती परत टेबलावर ठेवतो, ‘पुन्हा लावा’ म्हणून. हिशेब लिहिणाऱ्या पोरांची नुसती तारांबळ!

हा रविवार १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी जगभरासाठी ठरवून दिला. पण पैसे गोळा करण्याची मूळ युक्ती कुणा पोपची नाही. ती फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या पोलिन जारिको नावाच्या, जेमतेम विशी ओलांडलेल्या मुलीची. रेशमाचं गाव, घरचा रेशमाचा धंदा. सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकणाऱ्या भावाने मिशनऱ्यांची ओढाताण कळवली, तेव्हा तिने गिरणीतल्या कामगार मुलींना हाताशी धरलं. एकीने दहा जणींकडून आठवड्याला एकेक सू घ्यायचा. सू म्हणजे अगदी चिल्लर. अशा दहा जणींचे पैसे शंभरांच्या प्रमुखाकडे, तिथून हजारांच्या प्रमुखाकडे. आपल्या भिशीसारखंच, फक्त नंबर कुणाचाच लागत नाही! ३ मे १८२२ ला यातूनच रीतसर संस्था उभी राहिली. शंभर वर्षांनी रोमने ती आपल्या छत्राखाली घेतली.

पोलिनचं स्वतःचं पुढे काय झालं? कामगारांसाठी आदर्श कारखाना काढायला निघाली, ज्यांच्यावर विसंबली त्यांनी फसवलं, आणि १८६२ साली कर्जात आणि दारिद्र्यात ती गेली. २०२२ मध्ये चर्चने तिला ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. जिवंतपणी थोडी मदत केली असती तर बरं झालं असतं, असं आपलं मला वाटतं.

तिच्या चिल्लरीचं मोल आम्हा वसईकरांना जास्त कळायला हवं, कारण आम्ही दुसरा प्रकारही पाहिलाय. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हा मिशनचा खर्च राजाच्या तिजोरीतून चाले. पाद्रुआदो म्हणतात त्या व्यवस्थेला. त्या बदल्यात बिशप कोण व्हावा हे सुचवण्याचा हक्क राजाचा. पैसा त्याचा, शब्दही त्याचा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि राजाश्रयही गेला. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन या धर्मसंघांनी बांधलेल्या चर्चच्या भिंती किल्ल्यात अजून उभ्या आहेत. आठवड्याच्या एका सूवर मात्र कुणाचीच मालकी चालत नाही.

आज आमच्या लिलावाचे पैसे धर्मप्रांतामार्फत (एका बिशपच्या हाताखालचा भाग) मिशननिधीच्या राष्ट्रीय कार्यालयाकडे जातात. कुठल्या देशाचा निधी कुठल्या धर्मप्रांताला, हे रोममध्ये दरवर्षी देशोदेशीचे संचालक बसून ठरवतात. म्हणजे माझ्या पपईवर कुठली सिस्टर काम करते हे मला कळत नाही, आणि तिलाही नाही. काही प्रोटेस्टंट मंडळ्यांत मिशनरी स्वतः मंडळीमंडळीत फिरून पाठीराखे जमवतो, त्यांना नियमित पत्रं लिहितो. त्यात जिव्हाळा जास्त, पण ज्याला बोलता येत नाही त्याचे हाल. मला आमचीच पद्धत बरी वाटते.

माझी आतेबहीण सिस्टर आहे, झारखंडमध्ये मुलींचं वसतिगृह चालवते. तिला विचाराल तर ती प्रार्थनेआधी एफसीआरएवर, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यावर, बोलेल. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरली पाहिजे, ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या वर नको. ‘जमाखर्च लिहायला माणूस ठेवला तर त्याचा पगारही प्रशासकीय खर्चात,’ ती वैतागून म्हणते. त्यामुळे रात्री मुली झोपल्यावर व्हाउचरं तीच चिकटवत बसते.

आमच्याकडे लिलावाची एकूण रक्कम पुढच्या रविवारी मिस्सेनंतर जाहीर होते, टाळ्या पडतात, विषय संपतो. देशभरातून किती जमले आणि कुठल्या धर्मप्रांतांना गेले, तेही नोटीस बोर्डावर लागायला हवं. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या समितीच्या, बैठकीत मी हे मांडणार आहे. ‘मग तूच लिही ना,’ असं उत्तर येणार हे ठाऊक असूनही.