आबाजींची .४०५ आणि टेक्सासची .४५-७०

आमच्या घरी विंचेस्टर आहे, अमेरिकन कंपनीची रायफल. मॉडेल १८९५, बोर (म्हणजे काडतुसाचं माप, नळीच्या रुंदीवरून) .४०५, आबाजींनी घेतलेली, मग बाबांच्या लायसनवर आली आणि बाबा गेल्यावर वारस म्हणून माझ्या. परतवाड्याच्या वर, मेळघाटचा घाट लागायच्या आधी पायथ्याशी आमचं गाव, संत्र्याचे बगीचे आणि बाकी तूर-हरभरा. इकडे कोणाकडे लायसनची बंदूक असलीच तर बारा बोरची दुनळी, नाहीतर ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५, त्यामुळे ही रायफल पाहिली की पाहुण्याचा प्रश्न ठरलेला असतो, "याले बोल्टचा दांडा कुठं हाय भाऊ?"

दांडा नाहीच. चापाच्या भोवती जे कडं असतं तेच तिचं हँडल, त्यालाच लिव्हर म्हणतात. बोटं त्यात घालून खाली-पुढं ढकललं की बोल्ट, म्हणजे काडतुसामागं नळी बंद करणारा लोखंडी तुकडा, मागं येतो, काडतुसाचं रिकामं नळकांडं (केस) उडतं, घोडा चढतो, आणि लिव्हर वर घेतलं की पुढचं काडतूस नळीच्या मागच्या घरात, चेंबरमधे. खांद्यावरून रायफल काढायची गरज नाही, नजर साइटवरच राहते. दांड्याच्या रायफलीवर, बोल्ट ॲक्शनवर, हात बसलेला माणूससुद्धा पहिल्यांदा लिव्हर हळूहळू चालवतो आणि तिथंच फसतो, कारण अर्धवट ओढलं तर केस अडकतं. दणक्यात, पूर्ण टोकापर्यंत, ही एकच पद्धत.

ही रायफल जॉन ब्राउनिंगनं डिझाइन केली. त्याच्या आधीच्या १८८६, १८९२, १८९४ या लिव्हर रायफलींमधे काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागं एक आडवी बसतात, आणि म्हणून त्यांच्या गोळीचं तोंड चपटं ठेवावं लागतं, टोकदार गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर (बुडातली दारू पेटवणारी टोपी) टेकलं आणि धक्का बसला तर नळीतच स्फोट. १८९५ मॉडेलला मात्र पोटाखाली काडतुसांची पेटी, पेटी-मॅगझीन, आलं. काडतूस वरून दाबून भरायचं, आणि भरताना वरच्या काडतुसाची रिम (बुडाची बाहेर आलेली कड) खालच्याच्या रिमच्या पुढं यायला पाहिजे, मागं राहिली की दोन्ही एकमेकात अडकतात. बाबा भरताना प्रत्येक वेळी अंगठ्यानं रिम चाचपून बघायचे, मीही तसंच करतो. पहिल्या महायुद्धात रशियानं याच मॉडेलच्या जवळपास ३ लाख रायफली स्वतःच्या ७.६२ काडतुसात बनवून घेतल्या होत्या, म्हणजे ही नुसती शौकिनांची चीज नव्हती.

.४०५ हे काडतूस १९०४ चं. ३०० ग्रेनची गोळी, म्हणजे साधारण १९ ग्रॅम, सेकंदाला २२०० फुटाच्या आसपास. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ ला आफ्रिकेत गेला तेव्हा सिंहांसाठी हीच बरोबर घेतली होती. धक्क्याचं म्हणाल तर दस्त्याच्या मागं रबर नाही, लोखंडी पट्टी आहे, ती थेट हाडाला लागते. बाबांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर चालवली तेव्हा त्यांनी आधी एकच सांगितलं, दस्ता खांद्यात दाबून धर, सैल धरला तर तोच तुला मारेल. आणि खरंच दाबून धरल्यावर तो मार एकदम वेगळा लागतो, सोसता येतो.

मोठ्या बोरची लिव्हर मनसोक्त चालवली ती मात्र टेक्सासमधे. आतेभाऊ तिथं राहतो, त्याच्याकडे मार्लिन कंपनीची लिव्हर रायफल आहे, तिच्या मॉडेलचं नावही १८९५च, काडतूस .४५-७० चं. गेलो तेव्हा त्यानं आधी मला तिथलं शिकारीचं लायसन काढायला लावलं, कारण आपण व्हिसावर गेलेले, त्याशिवाय बंदूक हातात घेणं तिथं केंद्राच्या कायद्यात बसत नाही. .४५-७० हे १८७३ चं अमेरिकन लष्कराचं काडतूस, मूळ ७० ग्रेन काळी दारू आणि ४०५ ग्रेनची शिशाची गोळी, २६ ग्रॅमचा गोळा म्हणा ना. मार्लिननं त्यासाठी नवं १८९५ मॉडेल बाजारात आणलं १९७२ साली, आणि त्याच साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला. आबाजींची रायफल ज्या कायद्यानं कपाटात गेली त्याच वर्षी तिची बहीण तिकडे जन्मली, हे कळल्यावर मला कसंतरीच झालं होतं.

तिचा मार .४०५ सारखा टोचत नाही, जड आहे, कोणीतरी खांद्याला धरून मागं लोटावं तसा. शंभर यार्डाला गोळी जिथं बघाल तिथं, पण दोनशेला जुन्या ताकदीचं काडतूस असेल तर दीड-दोन फूट खाली जाते. लोक याला दोष म्हणतात, मला तो दोष वाटतच नाही. ही रायफल काटेरी झुडपातल्या, चाळीस-पन्नास पावलांवरच्या जनावरासाठी आहे, मोकळ्या माळावर तिला नेऊन नावं ठेवू नयेत. आतेभावाच्या ओळखीच्या रँचवर मोकाट डुकरं येतात, तिथं खासगी जमिनीवर ती वर्षभर मारता येतात, संख्येचं बंधन नाही. मी एक नर मारला. खांद्यामागं लागली, जागेवर बसला. नराच्या खांद्यावर ढालीसारखा जाड थर असतो, बोटानं दाबला तर टायरसारखा लागतो, आणि गोळी त्यातून आरपार गेलेली होती.

तेव्हा मला आमची वावरं आठवली. आमच्याकडेही रानडुकरानं आणि रोह्यानं (नीलगाय) पिकाचं नुकसान केलं तर वनखात्याकडं अर्ज करून मारायची परवानगी मिळू शकते, पण हातात काय असतं? दुनळी आणि एल.जी.चे, म्हणजे मोठ्या जनावरासाठीचे जाड, छर्रे. तीस-चाळीस मीटरच्या पुढं त्या छर्ऱ्यात दम राहत नाही, डुक्कर जखमी होऊन तुरीत शिरतं, आणि सकाळी तूर सोंगायला गेलेल्या बाईवर किंवा सालदारावर तेच धावून येतं. म्हणून लोक कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारं झटका मशीन लावतात, आणि काही जण तर सरळ लाईनचा करंट सोडतात, त्यात माणसं मेलीत. मला मनापासून वाटतं की परवानगी देताच आहात तर जनावर एका गोळीत पडेल असं हत्यार आणि ते चालवता येणारा माणूस बघून द्या. जखमी जनावर सोडून देणं हे जनावरावरही अन्याय आहे आणि शेतकऱ्यावरही.

पण अशी रायफल आता येणार कुठून. खासगी माणसाला बंदूक आयात करणं १९८० च्या दशकातच बंद झालं, त्यामुळे जुनी विलायती रायफल एका लायसनवरून दुसऱ्यावर फिरते तेवढीच. म्हणून जिच्या घरात आहे तिनं-त्यानं ती नीट ठेवावी असा माझा आग्रह आहे. चामड्याच्या कव्हरमधे कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात इकडे आठ दिवसात नळीवर तांबूस ठिपके येतात. जुन्या काडतुसांच्या प्राइमरमधे क्षार असतात, नुसत्या तेलानं निघत नाहीत, आधी कढत पाणी नळीतून सोडायचं, कोरडी करायची, मग तेल. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, दोन्ही वेळा रायफल ठाण्यात जमा, आणि परत आली तेव्हा लिव्हरच्या सांध्यात गंज. ते साफ करायला मी अख्खी संध्याकाळ घालवली, जीव तुटला. तेव्हापासून जमा करायच्या आधी ग्रीसचा जाड हात मारतो आणि पावतीवर अवस्था लिहून घेतो, पावती देणारा कंटाळला तरी.

आबाजींच्या वेळची थोडी काडतुसं लायसनवर नोंदलेली आहेत, ती मी चालवत नाही. इतकी जुनी दारू कधीकधी चाप ओढल्यावर लगेच पेटत नाही, क्षणभर थांबून फुटते, आणि तेवढ्यात कोणी लिव्हर उघडलं तर तोंडावरच. नुसता 'खट' झाला तर नळी समोरच धरून अर्धा मिनिट तरी हलायचं नाही.

.४०५ ची काडतुसं तिकडे पुन्हा बनायला लागलीत, इथं येतात ती क्वचित आणि महाग. नागपूरच्या दुकानदाराला सांगून ठेवलंय, एखादा बॉक्स आला की आधी मला फोन. आला की पहिली काडतुसं रेंजवर, पन्नास मीटरवर कागद लावून, कारण आबाजींनी साइट लावली ती त्यांच्या काळच्या काडतुसावर, नव्या दारूवर गोळी वर बसते की खाली ते आधी बघायला लागेल.